‘आमच्यात बायकांना मान होताच’

26 मे 1997 रोजी नुनावुटच्या मतदारांपुढे एक प्रश्न ठेवण्यात आला. दोन वर्षांनी अस्तित्वात येणाऱ्या आपल्या विधिमंडळात निम्म्या जागा स्त्रियांच्या आणि निम्म्या पुरुषांच्या असाव्यात का? 43 टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं, 57 टक्क्यांनी ‘नको’. कौल उलटा लागता, तर सभागृहातली स्त्री-पुरुष संख्या कायद्यानेच सारखी ठेवणारा तो जगातला पहिला प्रदेश ठरला असता. आणि तोही कुठला, तर कॅनडाच्या थेट उत्तरेचा, जिथे पंचवीस गावं आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही.

या ‘नको’चं समर्थन गेली पंचवीसेक वर्षं एका ठरावीक सुरात होत आलं आहे. तिथल्या मूळच्या इनुइट समाजात स्त्री-पुरुष पूर्वापार बरोबरीचेच होते, पुरुष शिकार करी, बाई शिवण-टिपण आणि घर सांभाळी, एकाचं दुसऱ्यावाचून चालत नसे. मग अशा समाजाला दक्षिणेकडच्या शहरी बायकांची गणितं कशाला शिकवता? आर्क्टिकबद्दल आस्था असणारी, इनुइटांची बाजू घेणारी माणसंही हे म्हणतात, आणि म्हणून त्याला उत्तर देणं जड जातं. यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. माझं भांडण आहे ते त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी. बरोबरी होती हे खरं असेल, तर ती परत मिळवायला कायदा लागणार, एवढंच त्यातून निघतं.

आधी प्रस्ताव काय होता ते पाहू. नव्या प्रदेशाची घडी बसवण्यासाठी नेमलेल्या नुनावुट अंमलबजावणी आयोगाने 1994 च्या अखेरीस तो मांडला. प्रत्येक मतदारसंघातून दोन प्रतिनिधी निवडायचे. मतपत्रिकेवर दोन याद्या, एक स्त्री उमेदवारांची आणि एक पुरुष उमेदवारांची. प्रत्येक मतदाराला दोन मतं, प्रत्येक यादीत एक. बस, इतकंच. आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीआधी आरक्षणाची सोडत निघते आणि कुणाचा प्रभाग गेला यावर रडारड होते, तसलं काही त्यात नव्हतं. स्त्री उमेदवाराला पुरुषांची मतं मिळवावी लागणार होती, पुरुष उमेदवाराला स्त्रियांची. पुरुषांनाही निम्म्या जागांची तितकीच पक्की हमी होती, ही गोष्ट त्या वेळच्या वादात फार कुणी बोलून दाखवली नाही.

दुसरी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. नुनावुटमध्ये राजकीय पक्ष नाहीत. आमदार अपक्ष म्हणून निवडून येतात आणि मग आपल्यातूनच मुख्यमंत्री आणि मंत्री निवडतात. नॉर्वेत मजूर पक्षाने 1983 मध्ये किमान 40 टक्क्यांचा नियम स्वतःवर घालून घेतला आणि बाकीच्या पक्षांवर त्याचा दाब आला. नुनावुटमध्ये असा नियम करणार कोण? पक्षच नाही, तर उमेदवारी द्यायला कुणी नाही आणि बाईला उमेदवारी का दिली नाहीत म्हणून जाब विचारायलाही कुणी नाही. तिथे स्त्रियांची संख्या वाढवण्याचा पक्का मार्ग एकच उरतो, तो म्हणजे मतदारसंघाची रचना. आयोगाने नेमका तोच धरला होता.

‘हे बाहेरचं खूळ आहे’ हा आक्षेप इथेच निकालात निघायला हवा होता. आयोगाचे प्रमुख जॉन अमागोआलिक इनुइट होते, पुरुष होते आणि नुनावुटच्या मागणीसाठी ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांतले अग्रणी होते. इनुइटांच्या जमीनहक्काच्या कराराची राखण करणारी संस्था, नुनावुट तुंगाविक, या प्रस्तावाच्या मागे उभी होती. इनुइट स्त्रियांची पाउक्टूटिट ही 1984 मध्ये स्थापन झालेली संघटनाही होती. बाहेरून आलेल्या गोष्टीच मोजायच्या, तर मतपेटी कुठून आली? एका मतदारसंघातून सर्वाधिक मतं घेणारा एकटा निवडून यावा, ही पद्धत कोणत्या इग्लूत जन्मली? लंडनहून आलेली निवडणूक चालते, तिच्यात स्त्रियांना जागा देणारी दुरुस्ती मात्र परकी ठरते.

फेब्रुवारी 1999 मध्ये पहिली निवडणूक झाली. 19 आमदार निवडून आले, त्यांत एक बाई. मॅनिटोक थॉम्पसन. गंमत म्हणजे याच थॉम्पसन 1997 मध्ये जुन्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या मंत्रिमंडळात होत्या, महिलाविषयक खातं त्यांच्याकडे होतं आणि समान जागांच्या प्रस्तावाला त्यांनी उघड विरोध केला होता. बाईने पुरुषाच्या बरोबरीने लढून यावं, असं त्यांचं म्हणणं. त्या आल्याही. ‘बघा, लायकी असली की बाई निवडून येते’ असं सांगताना त्यांचं नाव घेतलं जातं. एकोणिसांत एक, हा पुरावा नेमका कुणाच्या बाजूने पडतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता ती जुनी बरोबरी. तिला मी हसणार नाही, कारण ती हसण्यासारखी नव्हती. उणे चाळीस अंशांत सीलच्या श्वासभोकापाशी तासन् तास ताटकळणारा शिकारी जगतो तो अंगावरच्या कपड्यांमुळे. कॅरिबूच्या कातड्याचा तो दुहेरी पोशाख, पाणी आत येणार नाही अशा टाक्यांनी शिवलेले सीलच्या कातड्याचे बूट, हे सगळं बाईच्या हातचं. दगडी दिव्यात सीलची चरबी जाळून उजेड, ऊब आणि प्यायचं पाणी करायचं कामही तिचंच. ती वात नीट राखणं हे शिकण्याचं कसब आहे. टाका उसवला तर पाय गोठतो आणि पाय गोठला तर शिकारी संपतो. म्हणून बायको नसलेला पुरुष कितीही तरबेज असला, तरी अर्धामुर्धाच शिकारी असे.

1921 मध्ये रशियाच्या उत्तरेला रँगल बेटावर चार गोरे पुरुष मोहिमेवर गेले, तेव्हा त्यांनी अलास्कातल्या ॲडा ब्लॅकजॅक नावाच्या इन्युपियाक बाईला शिवणकामासाठी पगारावर नेलं. रसद संपली. जानेवारी 1923 मध्ये तिघे मदत आणायला बर्फावरून निघाले, ते परत दिसलेच नाहीत. चौथा स्कर्व्हीने अंथरुणाला खिळला, ॲडाने त्याची सेवा केली, जूनमध्ये तोही गेला. ऑगस्टमध्ये सुटकेचं जहाज आलं तेव्हा बेटावर जिवंत होत्या ॲडा आणि मोहिमेची मांजर. मधल्या काळात ती बंदूक चालवायला शिकली होती. त्याच वर्षांत ग्रीनलंडची अर्नारुलुंग्वाक ही बाई संशोधक क्नूड रासमुसेनच्या मोहिमेबरोबर हडसनच्या उपसागरापासून अलास्कातल्या नोमपर्यंत कुत्र्यांच्या घसरगाडीने गेली. तिने शिवलेले कपडे नसते, तर रासमुसेनचे ग्रंथ लिहिले गेले नसते.

तेव्हा बाईची किंमत समाजाला ठाऊक होती, यात शंका नाही. तरीही शिकाऱ्यांच्या त्या फिरत्या तळांवरची जिंदगी म्हणजे सुखाचं नंदनवन होतं, असंही कुणी भासवू नये. लहानपणीच ठरवून टाकलेली लग्नं होती, मनाविरुद्ध नांदणं होतं, मारझोडही होती. बाईला जे वजन होतं त्याच्या मुळाशी गरज होती. तिच्यावाचून पुरुष हिवाळा काढू शकत नव्हता. ती गरजच काढून घेतली, तर ते वजन टिकेल कशावर?

आणि ती काढून घेण्यात आली. 1950 आणि 60 च्या दशकांत तळांवरची माणसं वस्त्यांमध्ये आणून बसवली गेली, कुठे आमिष दाखवून, कुठे दटावून. क्षयाच्या रुग्णांना जहाजात घालून दक्षिणेला नेलं गेलं. 1956 च्या सुमारास कॅनडातल्या दर सात इनुइटांपैकी एक जण दक्षिणेतल्या क्षयरोग रुग्णालयात होता. मुलं निवासी शाळांत गेली. कपडे दुकानात मिळू लागले, ऊब तेलाच्या शेगडीतून येऊ लागली. दिव्याची वात राखणाऱ्या हाताला काही किंमत उरली नाही. निर्णय होण्याची जागाही बदलली. पूर्वी तळ कुठे हलवायचा हे तंबूत ठरायचं, आणि तंबूत बाई असायची. आता घरं किती बांधायची, शाळा कुठल्या भाषेत चालवायची, परिचारिका कुठे नेमायची हे एका कार्यालयात ठरू लागलं. जुनी बरोबरी त्या कार्यालयाच्या दारापर्यंत पोचलीच नाही.

या बदलाचा एक बारीकसा तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. इनुइटांत नाव मुलाचं किंवा मुलीचं असं नसे. नुकत्याच वारलेल्या माणसाचं नाव जन्मलेल्या बाळाला मिळे, आणि आजोबांचं नाव मिळालेल्या मुलीला घरातली मोठी माणसं आजोबा म्हणून हाक मारत. आडनाव हा प्रकारच नव्हता. सरकारी कारकुनांना हे झेपेना. 1940 च्या दशकापासून प्रत्येकाला क्रमांक कोरलेला बिल्ला दिला गेला. पुढे त्याची लाज वाटली, म्हणून 1968 ते 1971 या काळात आडनावांची मोहीम निघाली आणि एब ओकपिक नावाचे इनुइट गृहस्थ गावोगाव फिरून लोकांना आडनावं नोंदवायला लावू लागले. क्रमांकापेक्षा आडनाव बरंच म्हणायचं. पण ही आडनावं सरकारी साच्यातली होती. बायकोला नवऱ्याचं, मुलांना बापाचं. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलणाऱ्या आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. इनुइटांना मात्र कुटुंबाला एक ‘कर्ता पुरुष’ असतो, हे कागदावर प्रथम शिकवलं ते सरकारने.

हे फक्त कॅनडात घडलं असतं, तर योगायोग म्हणता आलं असतं. नॉर्वे पाहा. समानतेच्या यादीत कायम वरच्या ओळीत असणारा देश. त्याचा स्त्री-पुरुष समानता कायदा 9 जून 1978 चा. त्याच तारखेचा, 9 जून 1978 चाच, आणखी एक कायदा आहे, रेनडिअर पालनाचा. तिथल्या उत्तरेकडच्या सामी लोकांत बाईच्या कळपातल्या रेनडिअरच्या कानावर तिची स्वतःची खूण कापलेली असे. ते प्राणी तिचे, लग्नानंतरही तिचेच. नव्या कायद्याने कळप राखण्याचा परवाना प्रत्येक गटाच्या एका प्रमुखाच्या नावे आणला, आणि तो प्रमुख बहुतेक ठिकाणी नवरा झाला. बायकोचे रेनडिअर त्याच्या हिशेबात मोजले जाऊ लागले. पती-पत्नींना जोडीने प्रमुख होण्याची मुभा मिळाली ती 1996 च्या दुरुस्तीत. एकाच दिवशी एका हाताने समानता देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतली, आणि ओस्लोत ते कुणाला खटकलं नाही.

शेजारच्या स्वीडनने 1928 च्या कायद्यात रेनडिअर न पाळणाऱ्याशी लग्न करणाऱ्या सामी स्त्रीचा रेनडिअर पालनाचा हक्कच काढून घेतला. पुरुषाला अशी अट नव्हती. हे 1971 पर्यंत चाललं. आणि ज्या सामींना असं वागवलं, त्यांची पहिली मोठी परिषद 6 फेब्रुवारी 1917 रोजी ट्रॉन्डहाइमला भरवण्यात पुढाकार होता एका बाईचा, एल्सा लाउला रेनबेर्ग यांचा. ती तारीख आज सामींचा राष्ट्रीय दिवस आहे.

सायबेरियात मार्ग निराळा, शेवट तोच. सोव्हिएत सरकारने एवेनांसारख्या लोकांचं भटकं जगणं ‘मागास’ ठरवलं, कळप राखणं ही नोकरी केली, पुरुषांच्या तुकड्या टुंड्रावर पाठवल्या आणि बायका-मुलांना गावात बसवलं. पिअर्स विटेब्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने ही फारकत तपशिलाने नोंदवली आहे. टुंड्रावर बिनलग्नाचे पुरुष, गावात एकट्या बायका. यामल द्वीपकल्पातले नेनेत्स मात्र अजून मोठ्या संख्येने कुटुंबासह भटकतात.

ग्रीनलंडचा मजकूर वाचताना माझा आवाज चढतो, तो चढू द्यावा. डेन्मार्कच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क 1915 मध्ये मिळाला, ग्रीनलंडच्या स्त्रियांना 1948 मध्ये. 1966 ते 1970 या काळात सुमारे 4,500 ग्रीनलंडी स्त्रियांच्या आणि मुलींच्या गर्भाशयात डॅनिश डॉक्टरांनी गर्भनिरोधक साधन बसवलं, आपल्याकडे बायका ज्याला तांबी म्हणतात तसलं. अनेकींना विचारलंही नाही. काही तर शाळकरी पोरी होत्या, शाळेतून तपासणीसाठी म्हणून नेलेल्या. जन्मदर काही वर्षांत निम्म्यावर आला आणि कोपनहेगनचा खर्च वाचला. नाया ल्युबर्ट या त्यांतल्या एकीने 2017 मध्ये तोंड उघडलं, 2022 मध्ये डॅनिश नभोवाणीने सगळं प्रकरण मांडलं, 2024 मध्ये 143 जणींनी सरकारवर दावा लावला आणि सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी नूकमध्ये येऊन माफी मागितली. या मोहिमेत ग्रीनलंडची कोणती ‘मागास परंपरा’ होती?

हे विचारतो, कारण दुसऱ्या टोकाचेही एक विरोधक आहेत. ते म्हणतात, आर्क्टिकमधली हिंसा ही तिथल्या संस्कृतीची आहे, शिक्षण पोचलं की थांबेल. आकडे भयंकर आहेत हे खरं. 2011 मध्ये नुनावुटमध्ये स्त्रियांवरच्या हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या जवळपास 13 पट होतं. पण ‘संस्कृती’ म्हणून हात झटकणाऱ्याने पुढचे आकडेही वाचावेत. 2021 च्या जनगणनेत कॅनडातल्या इनुइट प्रदेशात राहणाऱ्या निम्म्याहून अधिक इनुइटांची घरं दाटीवाटीची होती. मारणाऱ्या नवऱ्यापासून पळायचं तर कुठे? शेजारचं घर आधीच भरलेलं, गावात निवारागृह नाही आणि बाहेर पडायला विमानाचं तिकीट हवं. पाउक्टूटिट सांगते, 51 इनुइट गावांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक गावांत असा निवारा नाही. निवारागृह बांधायचं की नाही, हे ठरतं अर्थसंकल्पात. अर्थसंकल्प ठरतो सभागृहात. आणि सभागृहात कोण बसतं, हाच तर 1997 चा प्रश्न होता.

बाळंतपणाचंच घ्या. नुनावुटच्या बहुतेक गावांत प्रसूतीची सोय नाही. दिवस भरत आले की बाईला काही आठवडे आधी विमानात बसवतात. बाफिनकडच्या बाईला इकालुइट किंवा ओटावाला, हडसनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बाईला विनिपेगला, त्याहून पश्चिमेच्या बाईला यलोनाइफला. घरची पोरं मागे, आई मागे, सोबतीला परकी भाषा. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जातात, आणि इथे माहेर-सासर दोन्ही सोडून वसतिगृहात जाऊन थांबायचं. हे टाळता येत नाही का? क्युबेकच्या उत्तरेला पुविर्निटुकमध्ये 1986 पासून प्रसूतिकेंद्र चालू आहे. तिथल्या बायकांनीच त्याचा आग्रह धरला, इनुइट सुईणींना तिथेच प्रशिक्षण दिलं, पुढे इनुकजुआक आणि सालुइटलाही केंद्रं निघाली आणि बहुसंख्य बायका आपल्याच किनाऱ्यावर बाळंत होऊ लागल्या. काम अवघड होतं पण झालं, कारण ठरवणाऱ्यांत ज्यांना बाळंत व्हायचं होतं त्या होत्या.

‘कोट्याने आलेली बाई नामधारी असते’ हा आक्षेप मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. सरपंचपती आपण पाहिले आहेत. पण तेवढ्यावर थांबणं हा आळस आहे. पंचायतींतल्या स्त्री-आरक्षणाची जितकी कसून तपासणी झाली आहे तितकी जगात फार थोड्या धोरणांची झाली असेल, कारण कुठली पंचायत राखीव हे चक्राने ठरत होतं आणि तुलना करणं सोपं होतं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून 2004 मध्ये दाखवून दिलं, की बाई प्रमुख असलेल्या पंचायतींचा पैसा गावातल्या स्त्रिया ज्यांची मागणी करत त्या कामांकडे, विशेषतः पिण्याच्या पाण्याकडे, जास्त वळला. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक संस्थांतलं स्त्रियांचं आरक्षण 50 टक्क्यांवर नेलं. त्याने काही आभाळ कोसळलं नाही. शिवाय नुनावुटच्या प्रस्तावात नवऱ्याने बायकोला पुढे करून मागून कारभार करण्याचं कारणच उरत नव्हतं. त्याच मतदारसंघातून त्याला स्वतःला उभं राहता येत होतं.

आता ज्या आक्षेपापुढे मी खरोखर थांबतो तो. आजच्या नुनावुटमध्ये शिकलेल्या आणि पगारी नोकरी करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. शिकाऱ्याच्या हिमगाडीत पेट्रोल भरलं जातं ते अनेकदा बायकोच्या पगारातून. हरवले आहेत ते तरुण पुरुष. शिकारीची प्रतिष्ठा गेली, नोकरी जमली नाही, आणि तरुण इनुइट पुरुषांतलं आत्महत्यांचं प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. अशा वेळी बायकांच्या जागांचा विषय काढणं म्हणजे जखमेवर मीठ नाही का, असं विचारतात.

त्या पोरांचं दुःख खरं आहे आणि त्याची कारणं वर आलीच आहेत; वस्त्या, निवासी शाळा, बाजार. 1983 मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट शिकार करत मोठ्या सीलची, तरीही सगळ्याच कातड्यांचा भाव बसला आणि शिकारी आणि कातडं कमावणारी बाई दोघांचीही कमाई एकदम गेली. म्हणजे घाव एकाच हाताने दोघांवर घातलेला. मग उपाय ठरवताना दोघांतल्या एकालाच का बसवायचं? ज्या घरातला मुलगा आत्महत्या करतो त्या घरातली आई मानसिक आरोग्याच्या तरतुदीबद्दल सभागृहात बोलली, तर त्यात पुरुषांचं कोणतं नुकसान आहे? आणि बायका नोकरीत आहेत, हे तर समान जागांच्या बाजूचं म्हणणं झालं. कार्यालय चालवायला त्या चालतात, मग कार्यालयाला आदेश देणाऱ्या खुर्चीत का चालत नाहीत?

काही जण मोठी नावं पुढे करतात. मेरी सायमन कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या, 2021 मध्ये. शीला वॉट-क्लुटिए यांनी हवामानबदल हा इनुइटांच्या मानवी हक्कांचा भंग आहे असा अर्ज 2005 मध्ये आंतर-अमेरिकी आयोगाकडे नेला. एवा आरिआक 2008 च्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडून आलेल्या एकट्या बाई, आणि त्याच नुनावुटच्या मुख्यमंत्री झाल्या. या बायका थोर आहेतच. पण एकटीच बाई निवडून येते आणि ती थेट सर्वोच्च पदावर पोचते, यातून मला दिसतं ते इतकंच, की दारात अडवलेल्यांत लायक किती जणी असतील. शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये 2019 साली कोणत्याही हमीविना 19 पैकी 9 बायका निवडून आल्या, हेही सांगितलं जातं. आनंद आहे. त्याआधीच्या 2015 च्या निवडणुकीत तिथे दोन होत्या. दोनाचे नऊ होतात तसे नवाचे पुन्हा कमीही होऊ शकतात, म्हणून तर हमी हवी.

उरला शेवटचा, निर्वाणीचा मुद्दा. लोकांनीच नाकारलं, त्यांत बायकाही होत्या. आता बाहेरच्यांनी कशाला बोलावं? बाहेरचा म्हणून मी आवाज खाली ठेवायला तयार आहे. पण त्या दिवशी मतदान झालं होतं सुमारे 39 टक्के. म्हणजे शंभर मतदारांतल्या जेमतेम बावीस जणांच्या नकाराने हा विषय मिटवला गेला. ‘हो’ म्हणणारे त्याहून कमी होते, हे मान्य. घरी बसलेले एकसष्ट जण मात्र आजवर कुणी मोजले नाहीत. स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी 1959 मध्ये बायकांना मताधिकार नाकारला आणि 1971 मध्ये दिला. पहिला कौल पवित्र मानून ते थांबले असते, तर आजही तिथल्या बायका मतदानाच्या दिवशी घरी बसल्या असत्या.

1999, 2004, 2008, 2013 आणि 2017 या पाच सार्वत्रिक निवडणुकांत नुनावुटने मिळून 101 आमदार निवडले. त्यांत बायका होत्या 13. परंपरेतली बरोबरी आपोआप सभागृहात येईल, या दाव्याला वीस वर्षांची मुदत देऊन झाली. तो दावा हरला आहे.

सभागृहात आता 22 जागा आहेत. प्रत्येकी दोन प्रतिनिधींचे 11 मतदारसंघ आखले, की 1994 चा प्रस्ताव एकही जागा न वाढवता लागू करता येतो. नुनावुटने तो पुन्हा मताला टाकावा.